शब्दचर्चा : मागणीचा ‘विस्तार’ आणि मागणीतील ‘वृद्धी’

खाजण : अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे दोन शब्द वेगवेगळे येतात. बाजारात मात्र दोन्हींना ‘मागणी वाढली’ असंच म्हणतात. फरक नेमका काय?

रापण : खप कशामुळे हलला, हा. बांगडा स्वस्त झाला म्हणून जास्त गेला, तर विस्तार. महागला म्हणून कमी गेला, तर संकोच. भाव तोच असताना कमाई, आवड किंवा दुसऱ्या मासळीचा भाव बदलून खप वाढला तर वृद्धी, घटला तर ऱ्हास. श्रावणात इथेच गफलत होते. यांत्रिक मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला संपते, आवक वाढते, भाव उतरतो, तरी गिऱ्हाईक कमीच. मग ‘मागणीचा नियम (भाव उतरला की खप वाढतो) मोडला’ असं कुणी म्हणतं. मोडत नाही. नियमाला ‘इतर परिस्थिती कायम’ अशी अट आहे, आणि श्रावण पाळणाऱ्या घरांत तीच बदललेली असते. हा ऱ्हास, भाव उतरायला आवकेइतकाच तोही कारण.

खाजण : आणि ‘लवचिकता’?

सुरंगी : भावातल्या बदलाला खप किती प्रतिसाद देतो, त्याचं माप. समजा, बांगडा २०० रुपये किलोवरून १६० वर आला आणि खप ५० किलोंवरून ६५ वर गेला. भावात २० टक्के घट, खपात ३० टक्के वाढ, म्हणून लवचिकता १.५. आता उलट मोजा, १६० वरून २०० : भाव २५ टक्के चढला, खप २३ टक्के घटला, उत्तर ०.९२! पाया बदलला की टक्केवारी बदलते. म्हणून दोन्ही वेळा सरासरी पाया धरा, भावाला १८० आणि खपाला ५७.५. कुठूनही मोजा, सुमारे १.१७ येतं. एकापेक्षा जास्त, म्हणजे भाव उतरवून विक्रीची रक्कम वाढते. इथे १०,००० ची १०,४०० झालीच.

खाजण : सुकट मग ‘निकृष्ट वस्तू’ का?

सुरंगी : ‘निकृष्ट’ हा शब्दच मला खटकतो, कारण प्रतीशी त्याचा संबंध नाही. कमाई वाढल्यावर एखाद्या घरात सुकट कमी येऊ लागली, तर त्या घरापुरती ती निकृष्ट. शेजारच्या घरात तीच ‘सामान्य वस्तू’, म्हणजे कमाई वाढल्यावर जास्त घेतली जाणारी, असू शकते.

रापण : यात जून-जुलैचा खप धरू नका. तेव्हा ताजी मासळी महाग म्हणून सुकट जास्त जाते, तो पर्यायी वस्तूचा परिणाम. कमाईचा परिणाम बघायचा तर बंदी आणि श्रावण सोडून, ताज्या मासळीचा भाव स्थिर असलेले महिने घ्या.