मदत हवी आहे: काळ्या मातीचे मणी तडकू नयेत म्हणून काय मिसळावं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात अंगणवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांची लेकरं एकाच खोलीत बसतात. मोठी मुलं चिंचोके मोजतात, जोड्या लावतात, आकडा हाताला कळतो. पण तिथंच तीन वर्षांची लहानगी असतात आणि हाती आलेलं तोंडात घालतात. म्हणून चिंचोके, सरकी, गोट्या बंद केल्या. चार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीच नको, असं ठरवलंय.

आता मोठे मणी मुलांकडूनच वळून घ्यायचे आहेत. मळताना, वळताना त्यांची बोटं तयार होतात, पुढं पेन्सिल धरायला तेच कामी येतं. (पालक पाटीवर अआइई मागतात, त्यांनाही हे दाखवायचंय.) अडचण मातीची. आमची कपाशीची काळी माती ओली असताना फुगते, वाळली की आकसून तडकते. बारीक कुटार (भुसा) मिसळलं, सावलीत वाळवलं; तडे कमी झाले, पण मणी हातात भुरभुरतात.

भट्टी नाही, विकतची माती परवडत नाही. रंग, फेव्हिकॉल नको, कारण मणी तोंडात जाणारच. नाल्याची रेती, शेण, राख मिळते. यातलं काय, किती प्रमाणात मिसळलं तर न भाजता मणी टिकतील?