बूटलोडर बिघडला की थेट फॉरमॅट: हे योग्य आहे का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतील अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबंटू किंवा मिंट ही लिनक्स प्रणाली टाकून घेतली आहे. असा संगणक कधीतरी सुरू होतानाच अडतो. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते किंवा लिनक्सचे नावही न येता थेट विंडोज उघडते. मग दुकानात नेल्यावर कोल्हापुरात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ पहिला उपाय म्हणून हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली उघडून देणारा छोटा प्रोग्राम, डिस्कची फारच थोडी जागा घेतो. संगणक सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीत 512 बाइटच्या पहिल्या सेक्टरपैकी 446 बाइट त्याच्या वाट्याला येतात आणि ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा पुढचा भाग सहसा त्यामागच्या मोकळ्या जागेत बसतो. नव्या यूईएफआय पद्धतीत तो एका छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये (डिस्कच्या विभागात) साध्या फाइलींच्या रूपात असतो, आणि विंडोजने स्वतः केलेले हे पार्टिशन बहुधा 100 एमबीचेच असते. तेवढ्यात बिघाड झाला म्हणून उरलेल्या शेकडो जीबीतील दोन्ही प्रणाली आणि त्यांतील फाइली गेल्या, असे मुळीच होत नाही.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर लिनक्स दिसेनासे झाले, तर बहुतेक वेळा ग्रब जागेवरच असतो, फक्त फर्मवेअरमधील, म्हणजे मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममधील, बूटचा क्रम बदललेला असतो. बूट मेनूतून ‘उबंटू’ निवडून आत जावे आणि ईएफआयबूटएमजीआर या आज्ञेने क्रम पूर्ववत करावा. उलट ग्रबच्या मेनूत विंडोजच नसेल, तर 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, हे आठवावे. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये एक ओळ बदलून अपडेट-ग्रब चालवले की विंडोज मेनूत येते.

‘ग्रब रेस्क्यू’चा अर्थ इतकाच, की ग्रबचा पुढचा भाग ज्या पार्टिशनवर होता ते त्याला सापडत नाही. तेथे ‘एलएस’ टंकले की डिस्कचे विभाग कंसांत दिसतात. एकेक तपासत बूट फोल्डर असलेला विभाग शोधावा, प्रीफिक्स (ग्रबच्या फाइलींचा पत्ता) त्याकडे वळवावा आणि ‘इन्समॉड नॉर्मल’ व ‘नॉर्मल’ या आज्ञा द्याव्यात. नेहमीचा मेनू समोर येतो. लिनक्स उघडल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवले नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा तेच. लिनक्सचे पार्टिशनच पुसले गेले असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो, पण तेव्हाही पेनड्राइव्हवरून विंडोजचा स्वतःचा बूटलोडर परत बसवता येतो.

शाहूपुरीतील दुरुस्तीकार

आपण लिहिलेल्या सर्व आज्ञा मला ठाऊक आहेत, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. माझ्याकडे लॅपटॉप येतो तेव्हा तो आधीच तीन हातांतून गेलेला असतो. कोणी फर्मवेअर लेगसी (जुन्या बायोस) पद्धतीवर नेलेले असते, कोणी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूटरेक ही बूट-दुरुस्तीची आज्ञा चालवलेली असते, आणि नेमके काय केले हे ग्राहकाला सांगता येत नाही. अशा डिस्कवर तासभर चरूट करून (पेनड्राइव्हवरील लिनक्समधून डिस्कवरील लिनक्समध्ये शिरून) ग्रब उभा केला आणि आठवड्याने तो पुन्हा पडला, तर जबाबदार मी ठरतो. त्यापेक्षा डेटा बाजूला काढून नव्याने प्रणाली टाकली, तर किती वेळ लागेल आणि काय मिळेल हे मी आधी सांगू शकतो.

त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन, आहे. विंडोज 11 च्या अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल, तर आपली सुरक्षित दुरुस्तीच डेटाला कुलूप लावते.

रंकाळाकाठ

बिटलॉकरचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रिकव्हरी की हाती आल्याशिवाय सिक्युअर बूट (खात्रीच्या सहीचेच बूटलोडर चालू देणारी सोय) किंवा बूट सेटिंग बदलू नये. मात्र तो आधी विचारपूस करण्याचा मुद्दा आहे, फॉरमॅटचा नव्हे. ती की नसेल तर डेटा बाजूला काढून फॉरमॅट करणार तरी कसा?

ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटने एसबॅटची, म्हणजे असुरक्षित जुने बूटलोडर अडवणारी, यादी बदलली आणि जुने शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) असलेली अनेक लिनक्स ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असे सांगून थांबली. त्या बिघाडात डिस्कवरील एकही पार्टिशन खराब झालेले नव्हते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समधून मॉकयूटिल या आज्ञेने एसबॅटची ती यादी काढून आणि शिम अद्ययावत करून संगणक पूर्ववत होत होते. त्या दिवसांत ज्यांच्या डिस्क पुसल्या गेल्या, त्यांचे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे होते आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

संगणक अध्यापिका, राजारामपुरी

आपण दोघेही बिघडल्यानंतरचे बोलत आहात. माझ्या मते विद्यार्थ्याच्या एकुलत्या एका डिस्कवर दोन प्रणाली टाकूच नयेत. प्रात्यक्षिकांपुरते लिनक्स हवे असेल तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल किंवा आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स पुरेसे आहे, आणि खरे लिनक्सच हवे असेल तर वेगळी एसएसडी घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर बूटलोडर शिकत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

उद्यमनगरचा ड्राफ्ट्समन

मॅडम, 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन किती रखडते हे आपण पाहिलेच असेल. वेगळी डिस्कही आपोआप सुरक्षित होत नाही: उबंटूचा जुना इन्स्टॉलर, बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी, ग्रब पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकत असे. म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी.

फॉरमॅटबाबत माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या कारखान्यातील संगणकावर पॅटर्नच्या ड्रॉइंगचे जुने सॉफ्टवेअर आहे आणि त्याचे लायसन्स त्याच इन्स्टॉलेशनला बांधलेले आहे. विकणारी कंपनी आता नवीन ॲक्टिव्हेशन देत नाही. फाइली वाचवून फॉरमॅट केले, तर ड्रॉइंग हाती राहतील आणि ती उघडणारे सॉफ्टवेअर जाईल. अशा संगणकाचे काय करायचे?

शाहूपुरीतील दुरुस्तीकार

अशा संगणकाला मी फॉरमॅट करणार नाही. पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) दुसऱ्या डिस्कवर घेईन आणि मगच विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही विंडोजचा बूटलोडर परत बसवणारी आज्ञा चालवेन. पण हे काम पाचशे रुपयांत होत नाही, आणि ग्राहकाला तसे सांगितले की तो शेजारच्या दुकानात जाऊन फॉरमॅट करून घेतो.

रंकाळाकाठ

मग दर वेगळे लावून दोन्ही पर्याय पावतीवरच लिहून द्यावेत, अशी माझी विनंती आहे: तपासणी व दुरुस्ती एका दरात, फॉरमॅट दुसऱ्या दरात. कोणता घ्यायचा ते ग्राहक ठरवील. आज त्याला दुसरा पर्याय आहे हेच कोणी सांगत नाही.

संगणक अध्यापिका, राजारामपुरी

पावतीची सूचना चांगली आहे. त्यावर बिटलॉकरची की मिळाली का, हा रकानाही असावा. माझे मूळ मत मात्र कायम आहे: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी व्हर्च्युअल मशीनच सांगेन.