एकाच अंजिराला दोन आकारांची फळं, जात कोणती?

गच्चीवाली, मुलुंड
नणंदेच्या सासवडच्या बागेतली काडी चार वर्षांपूर्वी आणून गच्चीवर निळ्या पिंपात लावली. यंदा प्रथमच भरपूर फळं धरली आहेत. पण जुन्या लाकडावरची पाच-सहा फळं थोराड, लांबट, देठाकडे मान काढलेली, थेट छोट्या वांग्यासारखी. नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात आलेली मात्र चपटी, पेढ्याएवढी. पानंसुद्धा कुठे तीन बोटांची, कुठे पाच. नर्सरीवाल्याने फोटो बघून 'डायना' सांगितलं. शेजारचे काका म्हणतात, कलमाखालच्या रानटी खुंटाची फूट आहे, छाटून टाका. छाटायला हात धजत नाही. लेक याला 'आत्याचं झाड' म्हणते, म्हणून नक्की काय ते कळायला हवं.

पुरंदरी
ताई, छाटू नका! काडीपासून वाढवलेल्या झाडाला वेगळा खुंट नसतोच, मग रानटी फूट येणार कुठून? गेल्या वर्षीच्या लाकडावरची फळं लांबट आणि नव्या फुटीवरची बुटकी, हे अंजिरात होतं. पानांवर तर जाऊच नका, एकाच फांदीवर तऱ्हा बदलते. पिकलेलं फळ कापून बघा. आपलं पुण्याचं अंजीर घंटेच्या आकाराचं, साल पातळ, फिकट जांभळी, आत गुलाबीसर लाल गर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच. डायना मोठं आणि पिवळट सोनेरी असतं.

दादरचा बागवान
उंबरात माश्या शिरतात तेव्हाच ते नीट भरतं. मुंबईत अंजिराची माशी नाही म्हणून आकार बिघडला असेल का?

पुरंदरी
नाही. पुण्याच्या अंजिराला माशीची गरज नसते, परागीभवनाशिवाय फळ पोसतं. माशीशिवाय न पोसणाऱ्या स्मर्ना प्रकारचं असतं तर फळं पिकण्याआधी लहानपणीच गळली असती. ताईंची टिकली आहेत, यातच बरंचसं उत्तर आलं. एक सांगतो, चव उन्हाळ्यातल्या मिठ्या बहराची घ्या. पावसाळ्यातला खट्टा बहार पाणचट लागतो, त्यावरून झाडाला नावं ठेवू नका.

गच्चीवाली, मुलुंड
आज सकाळी लांबट फळ मऊ होऊन खाली झुकलं होतं. कापलं. साल जांभळट, नखाने सुटली, आत गुलाबी गर. चपटी अजून हिरवी आहेत. नणंदेला फोटो पाठवला तर लगेच फोन आला. त्यांच्या विहिरीजवळच्या झाडालाही आधी अशी मानवाली चार-दोन फळं येतात. ती पाटीत भरत नाहीत, घरातली पोरंच खातात.