मदत हवी आहे: चाच्यांच्या गुहेच्या नकाशात भरती-ओहोटी कशी दाखवू?

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमच्या सोसायटीतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सुट्टीत फाशांवरचा कथाखेळ बसवतेय. त्यासाठी समुद्रचाच्यांनी सोडून दिलेल्या गुहेचा काल्पनिक नकाशा काढायचा आहे.

गुहा बेसॉल्टच्या कड्यात, लाटांनी भेगा पोखरून झालेली. म्हणून तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळी होत जाणारी. आत मचव्यासाठी धक्का, मागे कोठार, वर टेहळणीचं भोक. खरी गंमत पाण्यात आहे. ओहोटीला मुलं तळाच्या वाटेने कोठारापर्यंत चालत जातील आणि साधारण सहा तासांनी भरती आली की तीच वाट बुडेल. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, मी सहाच मीटर धरलाय.

समोच्च रेषा काढून पाहिल्या, पण डोंगराचा नकाशा वाटतो आणि मुलांना उलगडत नाही. तिरप्या रेघांनी पाणी भरलं तर चौकटी दिसेनाशा होतात. ट्रेसिंग पेपरचा वेगळा थर सोंगट्यांखाली सरकतो.

नकाशा एकाच ए-३ कागदावर, काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये हवा, कारण प्रत्येक गटाला प्रत द्यायची आहे. एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट, हे बदलता येणार नाही. चित्रं काढायला इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरते. भिंतीवर खडकाला चिकटणाऱ्या कालवांचा (शिंपल्यांचा) पट्टा काढून भरतीची रेघ सुचवावी असं मनात आहे, पण वरून पाहिलेल्या नकाशात भिंतच दिसत नाही!

तर नेहमी बुडालेला, फक्त भरतीला बुडणारा आणि कायम कोरडा, असे तीन भाग रंगाशिवाय, चौकटी न झाकता, मुलांना पटकन ओळखू येतील असे कसे दाखवाल?