मॅच बघायला गेलो आणि... (तुमचेही अनुभव लिहा)

मंगळवारपेठी
काल सोसायटीत पोरांची मॅच रंगली होती. दोन चपला म्हणजे गोल. बॉल चपलेच्या आतून गेला की वरून, यावरून जी जुंपली! एक चष्मेवाला बॉल काखोटीला मारून सरळ घरी निघाला. मी भाजीची पिशवी घेऊन उभी, आणि डोक्यात थेट कोल्हापूरचं शाहू स्टेडियम.

मी चौथीत. अण्णा बँकेत कॅशियर, आवाज इतका हळू की काउंटरवर लोक दोनदा विचारायचे. आमची मंगळवार पेठ, आईचं माहेर शिवाजी पेठ, आणि फायनल नेमकी या दोन पेठांतल्या तालमींची. समोरच्या गॅलरीत मामा. उत्तरार्धात आमच्या फॉरवर्डला डी मध्ये आडवा केला, पंचांनी शिट्टीच मारली नाही. अण्णा उठले आणि पंचांना जे बोलले ते मी आजही इथं लिहू शकत नाही. टायब्रेकरला हरलो. गर्दीत माझी एक चप्पल गेली. घरी आलो तर आईनं शिरा केलेला. कुणासाठी, हे विचारायची छाती कुणाचीच नाही. रात्री अण्णांनी भाकरीला हात लावला नाही. शिऱ्याचं पातेलं मात्र सकाळी रिकामं होतं.

चौदा_नंबर
साल सांगा की! मी पण असणार तिथं.

मंगळवारपेठी
साल सांगितलं तर वय कळेल 😄

फोडणी
मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. लग्नाची तारीख काढताना सासरे म्हणाले, "सीझन संपू दे, मग बघू." माझ्या बाबांना वाटलं उसाचा सीझन. ते म्हणाले, "हो हो, कारखाना बंद झाला की निवांत करू." दोघंही खूश. मे संपत आला तेव्हा उलगडा झाला.

बाबूराव_ठाणे
महाराष्ट्रात फुटबॉल कोण बघतं? आणि तालमीत कुस्ती असते ना?

चौदा_नंबर
@बाबूराव आलासा का! मुंबईत फुटबॉलचा रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, तुमच्या शेजारीच. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कुठला? कोल्हापूरचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या आमच्या फुटबॉल टीम, सगळ्या तालमीच. लाल माती आत, फुटबॉल बाहेर. नाद करायचा नाय.

बाबूराव_ठाणे
बरं बाबा, चुकलं.

बार्देशकार
आमच्या गोव्यात भात कापून झालं की शेतातच गोल उभे. गाव विरुद्ध गाव. एकदा शेवटच्या मिनिटाला ऑफसाइडवरून हाणामारी, बॉल विहिरीत. अर्ध्या तासानं दोन्ही टीमवाले पाणी प्यायला आमच्याच दारात. आई कळशीनं ओतत होती आणि दोघांनाही सारख्याच शिव्या घालत होती. बॉल काढायला मात्र कुणी उतरेना. आमच्याकडचा गडी उतरला, वर आल्यावर म्हणतो, आता हा माझा.

कुकर_तीन_शिट्ट्या
घाईत लिहितेय. आमचे हे पंच होते. वीस वर्षं. मॅच असली की मी दुपारपासून दाराकडे बघत बसायची. एकदा पोलिसांच्या गाडीतून घरी सोडलं, गल्लीभर चर्चा, यांनी नक्की केलं काय! शर्टाची कॉलर फाटलेली. मी शिवत बसले, हे म्हणतात, "निर्णय बरोबरच होता माझा." जेवताना तेच, झोपताना तेच. धाकटी तेव्हा दोन वर्षांची, तिलाही वाटीचमचा मांडून पेनल्टी समजावली. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता घरी बसून टीव्हीवरच्या पंचांना शिव्या घालतात.

मंगळवारपेठी
ताई, अण्णांच्या वतीनं माफी मागते. कोण जाणे, तेच असतील.

कुकर_तीन_शिट्ट्या
तो शब्द कोणता होता ते आधी सांगा, मग ठरवते. 😂

फोडणी
@कुकर गुडघ्याला किती दिवस लागले चालायला? सासूबाईंचं करायचंय.

कुकर_तीन_शिट्ट्या
काठी दीड महिना. व्यायाम चुकवू देऊ नका, रडतात पण करायला लावा. सविस्तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

चौदा_नंबर
परदेशी प्लेअर येतात ना हल्ली तालमींकडून खेळायला? आमच्याकडच्या एकाला गल्लीनं 'भावड्या' करून टाकलं. पहिल्या आठवड्यात तांबडा रस्सा पाजला, डोळ्यांतून पाणी, तरी म्हणतो 'मोर'. तिथंच टीमात पक्का.

फोडणी
@मंगळवारपेठी, एक राहिलंच. शिऱ्यात केळं होतं का?

मंगळवारपेठी
होतं. का?

फोडणी
अहो मग तो प्रसादाचा शिरा! आईनं सत्यनारायण बोलला असणार. हरण्यासाठी की जिंकण्यासाठी, तेवढं विचारा.

मंगळवारपेठी
थांबा. फोन लावते आईला.