मदत हवी आहे: बॅनर (ठरावीक दिवस चालणारी पात्रांची सोडत) बदलला की पिटी (ठरावीक प्रयत्नांनंतर पात्र नक्की देणारी मोजणी) शून्यावर आणायची की पुढे चालू ठेवायची?

गाचा गेमचं (सोडतीतून नशिबाने पात्रं मिळतात अशा गेमचं) गणित बसवतोय. सर्वांत दुर्मिळ पात्राचा दर १ टक्का. नुसतं नशिबावर सोडलं तर १०० पुल (सोडतीतले प्रयत्न) करूनही साधारण ३७ टक्के खेळाडू रिकाम्या हाताने राहतात, आणि एक स्टार देऊन शिव्या घालणारे तेच. म्हणून ९०व्या पुलला पात्र नक्की, अशी पिटी लावली. आता सरासरी ६० पुलांत पात्र मिळतं, म्हणजे खरा दर १.७ टक्क्यांजवळ. इथपर्यंत ठीक.

घोडं अडतंय डुप्लिकेटपाशी. पात्र पूर्ण ताकदीचं व्हायला सात प्रती लागतात: सरासरी ४१७ पुल, नशीब फुटकं असेल तर ६३०. एवढा खर्च व्हेलच, म्हणजे गेमवर भरमसाठ पैसे उडवणारेच, करणार. पण सातव्या प्रतीने हल्ला दुप्पट होत असेल, तर पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढतीत) फुकट खेळणारे पहिल्याच फेरीत गारद होऊन गेम सोडतात. मग व्हेलने हरवायचं कुणाला?

पिटी शून्यावर आणली तर ८० पुलांवर अडकलेला माणूस शेवटच्या दिवशी दहा पुल विकत घेतो. कमाई होते, पण प्रकार नासकाच. पुढे चालू ठेवली तर लोक पुल साठवून बसतात आणि मधले बॅनर ओस पडतात.

पिटी चालू ठेवून ७५व्या पुलपासून दर चढवत नेला तर साठवणूक कमी होते का? आणि डुप्लिकेटची ताकद पीव्हीपीत कितव्या प्रतीवर गोठवावी? तिसऱ्या की चौथ्या? प्रत्यक्ष आकडे हाताळलेल्यांनी सांगा.