‘मेइझोन’: मोठी की सर्वांत मोठी?

प्रश्न
बायबलच्या नव्या करारातील करिंथकरांस पहिले पत्र, 13:13 हे वचन मी मूळ ग्रीकमध्ये वाचत आहे. ‘त्यांत प्रीती श्रेष्ठ आहे’ हे शब्द लहानपणापासून पाठ आहेत. ग्रीकमध्ये मात्र तिथे ‘मेइझोन’, म्हणजे ‘अधिक मोठी’, असे तरवाचक रूप आणि त्याला लागून ‘तूतोन’ (‘यांचे’) हे षष्ठीचे अनेकवचन आहे. विश्वास, आशा, प्रीती अशा तिघांची गोष्ट असताना तमवाचक, म्हणजे ‘सर्वांत मोठी’ असे रूप का नाही? की ‘यांच्यापेक्षा मोठी’ असाच अर्थ घ्यावा?

उत्तर
अर्थ तमभावाचाच घ्यावा. पहिल्या शतकातील कोइने, म्हणजे नव्या कराराच्या काळच्या सर्वसामान्य वापरातील, ग्रीकमध्ये तमवाचक रूपे मागे पडत चालली होती आणि त्यांचे काम बरेचदा तरवाचक रूपेच करीत होती. ‘मेगिस्तोस’ (‘सर्वांत मोठा’) हे रूप सबंध नव्या करारात एकदाच, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (1:4) येते. मार्क 9:34 मध्ये शिष्य वाटेने ‘मोठा कोण’ असा वाद घालतात, तिथेही ‘मेइझोन’च आहे, आणि ते तर बारा जण होते. शिवाय ‘ही तीन’ म्हणताना प्रीती त्यांत मोजलेलीच आहे. ती स्वतःपेक्षा मोठी कशी असेल? तुलनेची षष्ठी पाहायची असेल, तर मत्तय 11:11 मधील ‘मेइझोन आउतू’, म्हणजे ‘त्याच्याहून मोठा’, हे पाहावे.

आणखी एक उत्तर
हा भेद पाणिनीने फार नेमका टिपला आहे. समूहातून एकाला वेगळे काढायचे असेल, तर षष्ठी किंवा सप्तमी (अष्टाध्यायी 2.3.41), ज्याच्याशी तुलना करायची ते मुळातच वेगळे असेल, तर पंचमी (2.3.42). ग्रीकमध्ये पंचमी षष्ठीत विरून गेली, म्हणून एकाच रूपावर दोन्ही कामे येऊन पडली. मराठीतील ‘त्यांत’ मला म्हणूनच अगदी योग्य वाटते. ‘श्रेष्ठ’ हेही मुळात तमवाचकच आहे. त्यातील ‘इष्ठ’ आणि ग्रीक ‘इस्तोस’ एकाच मुळाचे प्रत्यय आहेत. तो तमभाव आपल्याला जाणवेनासा झाला, म्हणून आपण ‘श्रेष्ठतर’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणू लागलो. ग्रीक बोलणाऱ्यांचेही तसेच झाले: योहानाच्या तिसऱ्या पत्रात (वचन 4) ‘मेइझोतेरान’ आहे, म्हणजे आधीच तरवाचक असलेल्या शब्दाला पुन्हा ‘तेरोस’, आपला ‘तर’, जोडलेला.

प्रश्नकर्त्याकडून
मनःपूर्वक आभार. ते वचन आत्ताच उघडून पाहिले. तिथेही ‘मेइझोतेरान’च्या पुढे हाच ‘तूतोन’ आहे, पण तिथे ‘याहून मोठा आनंद मला नाही’ असा, म्हणजे पंचमीचाच, अर्थ लागतो.